बुऱ्हाणपूरची स्वारी आणि सरसेनापती हंबीरराव

पानिपताची आठवण मराठी मनात आजही ताजी आहे. त्याआधीचे, १६८१ ते १७०७ असे सव्वीस वर्षे चाललेले युद्ध मात्र विस्मरणात गेले. त्या युद्धाच्या आरंभी तापीकाठचे बुऱ्हाणपूर आणि सरसेनापती हंबीरराव मोहिते उभे आहेत.

कऱ्हाडजवळच्या तळबीडचे हंसाजी मोहिते हे सोयराबाईंचे बंधू. १६७४ मध्ये नेसरीच्या खिंडीत प्रतापराव गुजर पडल्यावर शिवाजी महाराजांनी त्यांना सरनोबत केले व हंबीरराव हा किताब दिला. १६८० मध्ये महाराज निवर्तले, तेव्हा सख्खा भाचा राजाराम यास गादीवर बसवण्याचा घाट कारभाऱ्यांनी घातला. हंबीररावांनी नात्यापेक्षा राज्य मोठे मानले. कारभाऱ्यांना कैद करून ते संभाजी महाराजांपाशी पन्हाळ्यास गेले.

जानेवारी १६८१ मध्ये संभाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस हंबीरराव बुऱ्हाणपुरावर धडकले. सुरत-आग्रा व्यापाराचे हे ठाणे मोगलांच्या दृष्टीने दख्खनचे दार होते. तटाबाहेरचा बहादूरपुरा आणि इतर श्रीमंत पुरे तीन दिवस लुटले गेले. औरंगाबादेहून खानजहान बहादूर धावून येईपर्यंत मराठे साल्हेरची वाट धरून निसटले होते. या लुटीत सामान्य रहिवासीही होरपळले. तेथील प्रतिष्ठित मुसलमानांची गाऱ्हाणी बादशहाकडे गेली. पुढे बंडखोर शहाजादा अकबर संभाजी महाराजांच्या आश्रयास आला. त्याच वर्षी औरंगजेब स्वतः दक्षिणेत उतरला आणि त्याचा पहिला मोठा मुक्काम बुऱ्हाणपुरातच पडला. तो उत्तरेत पुन्हा परतला नाही.

या युद्धाची झळ गोमंतकालाही लागली. नोव्हेंबर १६८३ मध्ये संभाजी महाराजांनी जुवे बेट घेऊन पोर्तुगीज राजधानीला धडकी भरवली होती. परंतु शहाजादा मुअज्जमची फौज घाट उतरून येताच त्यांना ती मोहीम आवरती घ्यावी लागली.

१६८७ च्या अखेरीस वाईजवळ सर्जाखानाशी लढताना हंबीरराव तोफेच्या गोळ्याने पडले. लढाई मराठ्यांनी जिंकली, पण सेनापती गेला. १६८९ मध्ये राजा मारला गेला आणि राजधानीही पडली. तरीही प्रतिकार थांबला नाही. तोवर एका छत्रपतीच्या आज्ञेवर चालणारे युद्ध आता गावोगावच्या पथकांचे झाले. सिंहासन हरपूनही राज्य आपलेच आहे, ही जाणीव याच काळात मराठी मुलखात रुजली.

१७०० नंतर या लढ्याची धुरा ज्या ताराबाईंनी वाहिली, त्या हंबीररावांच्या कन्या. १७०७ मध्ये औरंगजेबाने अहमदनगरजवळ डोळे मिटले, तेव्हा बुऱ्हाणपुरात पित्याने छेडलेले युद्ध लेक लढत होती.