राजगडाखालच्या सईबाई

पुणे-सातारा रस्त्यावर कापूरहोळ लागते. तिथूनच भोरचा फाटा फुटतो. एस.टी. त्या फाट्यावर वळली, की मला हटकून धाराऊ गाडे आठवतात. त्या याच गावच्या. आणि धाराऊंच्या मागोमाग आठवतात त्या सईबाई.

फलटणच्या नाईक-निंबाळकरांची ही लेक. १६४० मध्ये पुण्यात शिवाजीराजांशी लग्न झाले तेव्हा दोघेही अजाण वयाची होती. पुढे सखुबाई, राणूबाई, अंबिकाबाई अशा तीन मुली झाल्या आणि १४ मे १६५७ रोजी पुरंदरावर संभाजीराजे जन्मले. या बाळंतपणानंतर मात्र सईबाईंची प्रकृती सावरलीच नाही. अंगावर दूध पुरेना, म्हणून कापूरहोळहून धाराऊंना आणले. ५ सप्टेंबर १६५९ रोजी राजगडावर सईबाई गेल्या. लेक जेमतेम सव्वादोन वर्षांचा. अफझलखान स्वारीवर आलेला. दोनच महिन्यांनी, १० नोव्हेंबरला, राजे प्रतापगडाखाली त्याला सामोरे गेले. ती भेट आपल्याला तोंडपाठ असते. पण तिथे गेलेल्या माणसाच्या घरात नुकतेच सुतक होऊन गेले होते, हे कुणी फारसे सांगत नाही. वेल्ह्याच्या बाजूने गड चढायला जाणारे पुष्कळ, पण पाल खुर्दला त्यांच्या समाधीपाशी थांबणारे थोडेच.

राजाच्या घरी वैद्यांची वाण नव्हती. ज्ञानच अपुरे होते, आणि ते साऱ्या जगात अपुरे होते. बाळंतिणीला हात लावण्याआधी डॉक्टरने हात धुवावेत, हे व्हिएन्नात सेमेलवाइस यांनी दाखवले ते १८४७ मध्ये. जखमेवर कार्बोलिकची पट्टी बांधण्याची लिस्टर यांची रीत १८६७ ची. पोट चिरून बाळ काढले तर आई क्वचितच वाचे. गर्भाशयाला नीट टाके घालण्याची सेंगर यांची पद्धत १८८२ मध्ये आली तेव्हा हे चित्र पालटू लागले.

आता याच डोंगरांतल्या लेकी सिझर होऊन माहेरी येतात. चीर देण्यापूर्वीच जंतुनाशक इंजेक्शन मिळालेले असते. पट्टी साधारण एक-दोन दिवस ठेवतात. ती काढल्यावर, डॉक्टरांनी सांगितले की साध्या पाण्याने अंघोळ करून जागा हलक्या हाताने टिपून कोरडी ठेवायची. हळद, तेल, राख काही लावायचे नाही, मग आजी कितीही रागावो! पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून लवकर उठून चार पावले चालायचे. टाक्यांभोवती लाली, सूज, वास येणारा स्राव, ताप, किंवा जखम उकलणे, यांतले एकही दिसले तर दवाखाना. वेल्ह्याकडच्या एखाद्या वाडीवरून पावसाळ्यात डांबरी रस्त्यापर्यंत यायलाच अर्धा दिवस मोडू शकतो. तेव्हा निघायचे ते त्याच दिवशी, येत्या बाजाराची वाट न बघता.