एच. जी. वेल्स

हर्बर्ट जॉर्ज वेल्स (२१ सप्टेंबर १८६६, ब्रॉमली, इंग्लंड – १३ ऑगस्ट १९४६, लंडन) हे इंग्लिश कादंबरीकार, विज्ञानकथाकार व समाजचिंतक होते. फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्न यांच्याप्रमाणे त्यांचीही गणना विज्ञानकथेच्या प्रवर्तकांत होते. उत्क्रांतीचा सिद्धान्त व समाजातील वर्गभेद यांची सांगड हे त्यांच्या आरंभीच्या विज्ञानकथांचे प्रमुख वैशिष्ट्य होय.

बालपण आणि उमेदवारी

वेल्स यांचे वडील जोसेफ हे चिनी मातीची भांडी व क्रिकेटचे साहित्य विकणारे छोटे दुकानदार आणि व्यावसायिक क्रिकेटपटू होते. आई सारा विवाहापूर्वी श्रीमंतांच्या घरी नोकरीस होत्या. १८७४ मध्ये पाय मोडल्यामुळे अंथरुणास खिळलेल्या हर्बर्टला वाचनाची गोडी लागली. १८७७ मध्ये वडिलांच्या मांडीचे हाड मोडले. क्रिकेटचे उत्पन्न थांबले आणि घराची आर्थिक घडी विसकटली. १८८० मध्ये आईने ससेक्समधील अपपार्क या वाड्यात व्यवस्थापिकेची नोकरी पत्करली. तेथील स्वयंपाकघर मुख्य इमारतीपासून वेगळे असून भुयारांनी जोडलेले होते व नोकरांची ये-जा त्या भुयारांतून होई. वेल्स यांच्या पुढील लेखनातील भूमिगत जगाचे एक मूळ अभ्यासक येथे शोधतात.

१८८१ ते १८८३ या काळात वेल्स यांनी साउथसी येथील कापडदुकानात उमेदवारी केली. दिवसाचे सुमारे १३ तास काम व इतर उमेदवारांसह सामाईक खोलीत निवास, असे ते आयुष्य होते. ते सोडून ते मिडहर्स्ट येथील शाळेत विद्यार्थी-शिक्षक झाले.

शिक्षण

१८८४ मध्ये शिष्यवृत्ती मिळवून वेल्स लंडनच्या नॉर्मल स्कूल ऑफ सायन्समध्ये दाखल झाले. तेथे डार्विनच्या सिद्धान्ताचे खंदे पुरस्कर्ते टॉमस हेन्री हक्सली यांनी त्यांना जीवशास्त्र शिकवले. निसर्गातील उत्क्रांती आणि माणसाची नैतिक प्रगती या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा हक्सलींचा विचार वेल्स यांच्या लेखनात खोलवर रुजला. १८९० मध्ये लंडन विद्यापीठाची पदवी मिळवून त्यांनी काही काळ अध्यापन केले. १८९३ मध्ये त्यांचे जीवशास्त्राचे पाठ्यपुस्तक प्रसिद्ध झाले.

विज्ञानकथांतील उत्क्रांती आणि वर्ग

‘द टाइम मशीन’ (१८९५) या कादंबरीचा नायक इ. स. ८,०२,७०१ मध्ये पोहोचतो. तेथे मानवजातीच्या दोन शाखा झालेल्या दिसतात. जमिनीवर राहणारे सुंदर पण दुर्बल इलॉय हे ऐषआरामी वर्गाचे वंशज, तर जमिनीखाली यंत्रे चालवणारे मॉरलॉक हे कामगारांचे वंशज असल्याचा तर्क तो करतो. शोषण मात्र संपलेले नसते, त्याची दिशा उलटलेली असते. मॉरलॉक इलॉयांना खाऊन जगतात. त्या काळी काही विचारवंत जीवनकलहाच्या आधारे श्रीमंतांचे वर्चस्व नैसर्गिक ठरवत असत. वेल्स यांनी त्याच सिद्धान्तावरून उलट निष्कर्ष काढला: कष्टांपासून पूर्णतः सुटलेला वर्ग ऱ्हास पावतो आणि समाजातील दरी वाढत गेल्यास ती शरीरातही उतरू शकते.

‘द आयलंड ऑफ डॉक्टर मोरो’ (१८९६) मध्ये माणूस व पशू यांच्यातील सीमारेषा किती पुसट आहे, हे दिसते. ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ (१८९८) मध्ये मंगळवासीयांच्या आक्रमणाची तुलना युरोपीयांनी टास्मानियात केलेल्या संहाराशी केली आहे. ‘द फर्स्ट मेन इन द मून’ (१९०१) मधील चंद्रवासीयांना लहानपणापासून ठरावीक कामासाठी घडवले जाते व काम नसलेल्यांना गुंगीत ठेवले जाते. व्यवसाय आधीच नेमून देणाऱ्या कोणत्याही समाजव्यवस्थेच्या संदर्भात हे चित्र आजही अर्थपूर्ण ठरते.

सामाजिक विचार आणि टीका

वेल्स १९०३ मध्ये समाजवादी फेबियन सोसायटीचे सदस्य झाले. मतभेदांमुळे त्यांनी १९०८ मध्ये ती सोडली. ‘किप्स’ (१९०५) या कादंबरीत कापडदुकानातील उमेदवाराचे जीवन आले आहे. १९२२ व १९२३ मध्ये मजूर पक्षातर्फे त्यांनी संसदेची निवडणूक लढवली. दोन्ही वेळा ते पराभूत झाले.

‘अँटिसिपेशन्स’ (१९०१) या ग्रंथात त्यांनी तथाकथित अकार्यक्षम लोकसमूह व वंश यांविषयी कठोर, सुप्रजननवादी मते मांडली होती. वर्गभेदाचे चटके सोसलेल्या लेखकानेच माणसांची अशी प्रतवारी करावी, ही विसंगती टीकाकारांनी दाखवून दिली आहे. पुढे १९४० मध्ये त्यांनी सर्व माणसांच्या समान हक्कांचा पुरस्कार करणारे पुस्तक लिहिले.