लक्ष्मीबाई टिळक यांचे उतारवय

महोत्सवाचे वर्ष हे उपकार आठवण्याचे वर्ष होय. आपल्या धर्मग्रामात श्रद्धेचे बीज कोणी पेरले, कोणी ते घामाने शिंपले, कोणाच्या पायलीभर ज्वारीवर आणि कोणाच्या जपमाळेवर हे मंदिर उभे राहिले, याचे स्मरण आपण सर्व मिळून करीतच आहोत. आम्हांस मात्र येथे आपल्या वयोवृद्ध बंधुभगिनींसाठी चार शब्द लिहावयाचे आहेत. आजारी व वृद्ध माणसांकडे ख्रिस्तप्रसाद घेऊन जात असता एक गोष्ट आमच्या वारंवार नजरेस येते. हातपाय चालत आहेत तोवर देवाचे आभार मानणे सोपे जाते. परंतु जोडीदार निघून गेला, मुले पुण्यामुंबईस राहावयास गेली, डोळ्यांस दिसेनासे झाले, म्हणजे तोच शब्द ओठांवर अडखळू लागतो. मग कोणी जुन्या दुःखांची उजळणी करीत बसतात, तर कोणी सारे काही गोडच होते असे म्हणून मनाची समजूत घालतात. पहिली वाट कडवटपणाची, दुसरी असत्याची. या दोहोंवाचून तिसरी वाट आहे काय? आहे, आणि आपल्याच जिल्ह्यात आयुष्याची बरीच वर्षे घालविलेल्या एका बाईने ती चालून दाखविली आहे.

त्या बाई म्हणजे लक्ष्मीबाई टिळक. त्या कॅथलिक नव्हत्या. अमेरिकन मराठी मिशनच्या प्रॉटेस्टंट मंडळीतील होत्या. परंतु दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६४ साली आपणांस असे शिकविले आहे की, आपल्यापासून वेगळ्या झालेल्या ख्रिस्ती बांधवांत जे खरे ख्रिस्ती धन आढळेल ते आपण आनंदाने मान्य करावे. म्हणून आम्ही हे चरित्र निःसंकोचपणे वाचकांपुढे ठेवितो.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळील जलालपूर येथे गोखल्यांच्या घरी झाला. माहेरचे नाव मनकर्णिका. वडिलांचे सोवळे इतके कडक की घरात येणारी वस्तू धुतल्यावाचून आत येत नसे. अकरा वर्षांच्या सुमारास त्यांचे लग्न नारायण वामन टिळक यांच्याशी झाले. टिळक कवी, बुद्धिमान, मनाचे अतिशय उदार; परंतु स्वभावाने तापट आणि पैशाच्या बाबतीत बेफिकीर. हाती आलेला पैसा दुसऱ्याच्या अडचणीस देऊन टाकावा आणि घरी चूल कशी पेटेल याचा विचार बायकोने करावा, असा त्यांचा संसार होता. लक्ष्मीबाईंनी दारिद्र्य सोसले, पोटची लेकरे गेल्याचे दुःख सोसले, आणि पतीच्या वारंवार घर सोडून जाण्याचाही त्रास सोसला.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. त्या दिवसापासून लक्ष्मीबाईंवर आभाळच कोसळले. त्या काळच्या ब्राह्मण स्त्रीस पती जिवंत असता त्याच्यापासून दूर राहणे म्हणजे विधवेहूनही बिकट अवस्था होती. भिकुताई ही बहीण आणि मेहुणे नानासाहेब पेंडसे यांच्या आश्रयाने त्यांनी लहानग्या दत्तूसह काही वर्षे काढिली. पुढे त्या पतीकडे आल्या खऱ्या. पण आपली जात आणि आपले सोवळे घेऊनच आल्या, आणि टिळकांनीही त्यांच्यावर सक्ती केली नाही.

वाचकहो, पुढची गोष्ट आपल्या राहुरीची आहे. तेथे राहत असता लक्ष्मीबाईंच्या मनात एकाएकी उजेड पडला की जातिभेद देवाने केलेला नाही, तो माणसाने केला आहे. हे एकदा मनास पटल्यावर त्यांनी मागे पाहिले नाही, आणि १९०० साली बाप्तिस्मा घेतला. आपल्या ख्रिस्ती वाडवडिलांपैकी कितीतरी जणांना गावच्या पाणवठ्यावर पाय ठेवण्याची मुभा नव्हती. लक्ष्मीबाईंच्या माहेरी त्यांच्या सावलीचाही विटाळ मानला गेला असता. त्याच घरची लेक पुढे नगरच्या आपल्या घरात अनाथ मुलांस पोटच्या लेकरांप्रमाणे वाढविती झाली, आणि प्लेगच्या साथीत आजारी मुलींची शुश्रूषा करण्यास जिवावर उदार होऊन पुढे सरसावली. देवाने आपले मन मोकळे केले याचे आभार तिने शब्दांनी मानले असतीलच, पण त्याहून अधिक हातांनी मानले.

९ मे १९१९ रोजी टिळकांचे मुंबईस निधन झाले. लक्ष्मीबाईंना तेव्हा पन्नास वर्षे उलटून गेली होती. शाळेचे तोंड त्यांनी कधी पाहिले नव्हते. अक्षरओळख पतीनेच करून दिलेली. मुंबईस मुलींच्या वसतिगृहाची देखरेख त्यांनी काही काळ केली, पुढे मुलाच्या कुटुंबासमवेत त्या कराचीसही जाऊन राहिल्या. आता आपले दिवस संपले असे म्हणून त्या कोपऱ्यात बसल्या असत्या तर कोणीही त्यांना दोष दिला नसता.

पण घरात एक अपुरे काम पडून होते. प्रभू येशूचे चरित्र ओवीछंदात गावे म्हणून टिळकांनी ख्रिस्तायन लिहावयास घेतले होते आणि आरंभीचे काही अध्याय लिहून होताच ते निवर्तले. आपल्या कॅथलिक परंपरेत जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ख्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यात छापले गेले होते. त्याच जातीचे हे काम. पंडिताने सोडलेले काव्य शाळा न शिकलेल्या विधवेने हाती घेतले आणि त्यात ६४ अध्यायांची भर घातली. राहिलेला शेवट पुत्र देवदत्त यांनी केला, आणि १९३८ साली ग्रंथ छापून निघाला.

त्यांच्या उतारवयाचे दुसरे फळ म्हणजे स्मृतिचित्रे. हे आत्मचरित्र १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाले, आणि मराठीतील श्रेष्ठ आत्मचरित्रांत आज त्याची गणना होते. त्यात टिळकांचा राग झाकलेला नाही, उपासमार झाकलेली नाही, स्वतःचा हट्ट आणि फजितीही झाकलेली नाही. तरीही कोणाविषयी द्वेष नाही. उलट पानोपानी हसू आहे. आम्ही ज्या तिसऱ्या वाटेविषयी वर लिहिले ती हीच. दुःखास दुःख म्हणावे, आणि त्या दुःखातही देवाचा हात सुटला नव्हता हे ओळखावे. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिक येथे लक्ष्मीबाईंनी देह ठेविला.

आपण कॅथलिक ज्यास यूखारिस्त म्हणतो त्या ग्रीक शब्दाचा अर्थच मुळी उपकारस्तुती असा आहे. प्रभूने भाकर हाती घेऊन पित्याचे आभार मानले ते सुखाच्या दिवशी नव्हे, तर शिष्याने विश्वासघात केला त्या रात्री. यास्तव ज्येष्ठ बंधुभगिनींनो, आमचे मागणे थोडेच आहे. सायंकाळी जपमाळ हाती घेण्यापूर्वी ज्याचे उपकार आपणांवर झाले अशा एका माणसाचे नाव देवापुढे घ्या. आपल्या गेलेल्या माणसाचे एखादे अपुरे राहिलेले काम, मग ते नातवास प्रार्थना शिकविण्याचे असो वा भावकीतील अबोला मिटविण्याचे असो, आपल्या हाती घ्या. आणि आपल्या आयुष्याची कथा मुलाबाळांस खरी सांगा; तिच्यातील उपास सांगा, अपमानही सांगा, आणि त्यातून देवाने कसे तारिले तेही सांगा. धर्मग्रामाचा इतिहास तुमच्या ओठांवर आहे. तो तुमच्याबरोबर मातीआड जाऊ देऊ नका.

परमेश्वर आपल्या सर्व वृद्धांस कृतज्ञ हृदय आणि शांत संध्याकाळ देवो.