विहिरीवरचे इंजिन आणि शंतनुराव किर्लोस्कर

कळंब : मांजराकाठच्या शिवारात आजही एखाद्या जुन्या विहिरीच्या थारोळ्याशेजारी सिमेंटचा चौथरा दिसतो. त्यावर चार बोल्ट गंजून उभे असतात. कधीकाळी तेथे डिझेल इंजिन बसविलेले होते. वीज आली, विद्युतपंप आले, विंधन विहिरी खोल गेल्या आणि इंजिन गोठ्याच्या कोपऱ्यात गेले. मात्र रोहित्र जळाले आणि उभे पीक सुकू लागले की तेच इंजिन पुन्हा बाहेर काढले जाते. नोझल साफ करावे, डिझेल भरावे, हँडल मारावे, आणि ते सुरू होते. जुने ते टिकाऊ, नवे ते नाजूक, हा तालुक्यातील पारावरचा जुना वाद अशाच अनुभवातून जन्माला आला आहे. या वादात ज्यांचे नाव हमखास निघते ते शंतनुराव लक्ष्मणराव किर्लोस्कर स्वतः मात्र आयुष्यभर नव्याच्या बाजूने उभे राहिले.

शंतनुरावांचा जन्म २८ मे १९०३ रोजी सोलापूर येथे झाला. वडील लक्ष्मणराव यांनी बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात करून लोखंडी नांगराच्या निर्मितीपर्यंत मजल मारली होती. लोखंडामुळे जमीन नासते, अशी त्या काळी शेतकऱ्यांची समजूत होती आणि पहिले नांगर खपविण्यासाठी लक्ष्मणरावांना दोन वर्षे वाट पाहावी लागली. पुढे औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी दिलेल्या माळरानावर १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. निवडुंगाने भरलेल्या त्या माळावर कारखाना उभा राहताना पाहतच शंतनुराव मोठे झाले. घरात यंत्राची भीती नव्हती; नव्या वस्तूला ग्राहक मिळविण्यासाठी किती सोसावे लागते, याची जाणीव मात्र होती.

उच्च शिक्षणासाठी ते अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत गेले आणि यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेऊन १९२६ मध्ये परतले. त्याच वर्षी किर्लोस्करवाडीत सेंट्रिफ्युगल पंपाची निर्मिती सुरू झाली. विहिरीतून पाणी उपसण्याचे यंत्र तयार झाले. पण ते फिरवायचे कशाने, हा प्रश्न उरला. खेडोपाडी वीज नव्हती. तेव्हा निजामाच्या राज्यात असलेल्या कळंब भागात तर तिची चाहूलही नव्हती. बैलांच्या दोन जोड्या, मोट, नाडा आणि दिवसभराचे कष्ट एवढ्यावरच बागायत अवलंबून होती. मोटेने भिजणारे क्षेत्र बैलांच्या दमावर ठरत असे, विहिरीतील पाण्यावर नव्हे.

डिझेल इंजिन तोवर जगाला नवे राहिले नव्हते. रुडॉल्फ डिझेल यांनी १८९७ साली जर्मनीतील ऑग्जबुर्ग येथे आपले पहिले यशस्वी इंजिन चालवून दाखविले. त्यानेही आरंभी विश्वासार्हतेची कसोटी सहज पार केली नव्हती. इंधन दाबाच्या हवेने सिलिंडरमध्ये फवारावे लागे आणि त्यासाठी वेगळा कॉम्प्रेसर सांभाळावा लागे. १९२० च्या दशकाच्या अखेरीस बॉश कंपनीने इंधन फवारणीचे पंप मोठ्या प्रमाणावर तयार करण्यास आरंभ केल्यावर लहान आणि वेगवान डिझेल इंजिनाचा मार्ग मोकळा झाला. भारतात विलायती बनावटीची इंजिने येत. महाराष्ट्रात सातारारोड येथील कूपर यांच्या कारखान्याने स्वदेशी डिझेल इंजिने तयार केली होती, हे येथे नमूद करावयास हवे. श्रेय एकट्या किर्लोस्करांचे नाही.

दुसरे महायुद्ध संपताच शंतनुरावांनी धाडसी पाऊल उचलले. १९४६ साली पुण्याजवळ खडकी येथे किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी त्यांनी उभी केली. त्याच वर्षी बंगळूरला विजेच्या मोटारींची कंपनीही स्थापन झाली. तत्पूर्वी १९४१ मध्ये हरिहर येथे यंत्रसामग्रीचा कारखाना सुरू झाला होता. इंजिनासाठी त्यांनी ब्रिटिश कंपन्यांचे तांत्रिक सहकार्य घेतले. जड चक्राची, मंद गतीची इंजिने शेतकऱ्यांच्या परिचयाची असताना मिनिटाला दीड हजार फेरे घेणारे, उभ्या सिलिंडरचे, आटोपशीर इंजिन देशात बनवावयाचे, हा निर्णय जोखमीचा होता. मंद गतीचे लिस्टर पद्धतीचे इंजिन मिनिटाला जेमतेम साडेसहाशे फेरे घेत असे. आज ज्याला आपण जुने, दणकट म्हणतो तेच त्या काळी नवे आणि हलके इंजिन होते!

याच काळात कुटुंबावर मोठा आघात झाला. महात्मा गांधींच्या हत्येनंतर १९४८ मध्ये उसळलेल्या जाळपोळीत किर्लोस्करवाडीचा कारखाना आगीच्या भक्ष्यस्थानी पडला. राखेतून तो पुन्हा उभा करण्यात आला.

किर्लोस्करांच्या ज्या इंजिनाने नाव कमावले ते ‘एव्ही १’. एकच सिलिंडर, ८० मिलिमीटर व्यास, ११० मिलिमीटर स्ट्रोक, पाच अश्वशक्ती, पाण्याने थंड होणारे. विहिरीचेच पाणी इंजिनातून फिरवून पाटात सोडता येत असे. त्याच्या टिकाऊपणाचे रहस्य साधेपणात होते. इंधन सुमारे २०० बार दाबाने फवारले जाई, गती गव्हर्नर सांभाळी, विजेची एकही तार नसे. इंजिन नेहमी एकाच गतीने, एकाच पंपाचा बेताचा भार ओढी. लायनर, पिस्टन, रिंगा बदलल्या की ते पुन्हा नव्यासारखे चाले आणि हे काम तालुक्याचा मेस्त्री करू शके. दुरुस्ती गावात होणे ही गोष्ट शेतकऱ्याच्या दृष्टीने कमी बिघडण्याइतकीच मोलाची होती. ज्वारी पोटऱ्यात असताना इंजिन आठ दिवस बंद राहिले तर हंगाम गेला.

तथापि जुन्याच्या गुणगानात काही गोष्टी विसरल्या जातात. आज चालू दिसतात ती टिकलेली इंजिने होत. भंगारात गेलेली कोणाला दिसत नाहीत. जुना फ्यूएल पंपही काही मायक्रॉनच्या मापाने घासलेला असे आणि डिझेलमध्ये पाणी किंवा माती गेली की त्याचाही प्लंजर अडकत असे. हिवाळ्याच्या पहाटे हँडल मारून थकलेले हात, उलट्या फटक्याने दुखावलेली मनगटे, काळा धूर हाही त्याच इंजिनाचा इतिहास आहे. दुसरीकडे आजचे कॉमन रेल इंजिन दीड ते दोन हजार बार दाबाने इंधन फवारते, तेवढ्याच डिझेलमध्ये अधिक काम देते आणि त्याच्या धातूंचा दर्जा जुन्यापेक्षा सरस आहे. १ एप्रिल २०२० पासून वाहनांना लागू झालेल्या बीएस-६ निकषांमुळे धूर गाळणारी आणि युरिया द्रावण वापरणारी यंत्रणा त्यास जोडली गेली. बिघाड होतो तो बहुधा या जोडयंत्रणेत, सेन्सरमध्ये, वायरिंगमध्ये. इंजिनाचा गाभा शाबूत असतो, पण गाडी उभी राहते आणि संगणक जोडल्याशिवाय दोष सापडत नाही. कळंबच्या शेतकऱ्याची तक्रार रास्त आहे ती येथे.

शंतनुराव एका इंजिनावर थांबले नाहीत. १९६२ साली अमेरिकेतील कमिन्स कंपनीच्या भागीदारीत पुण्यात किर्लोस्कर कमिन्स सुरू झाली आणि मोठ्या क्षमतेची इंजिने देशात तयार होऊ लागली. परवाना पद्धतीवर त्यांनी उघड टीका केली, निर्यातीचा आग्रह धरला. स्पर्धेत टिकेल तोच माल खरा, ही त्यांची धारणा होती. त्यांच्या मतांशी सर्वच सहमत नव्हते. बड्या उद्योगपतीची भूमिका म्हणून त्यांकडे पाहणारेही अनेक होते. १९६५ मध्ये त्यांना पद्मभूषण किताब मिळाला. ‘कॅक्टस अँड रोझेस’ हे त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध आहे.

दरम्यान मराठवाड्यात १९७२ च्या दुष्काळाने विहिरींचे तळ उघडे पडले. पाणी खोल गेले तशी काठावर बसणाऱ्या इंजिनाची मर्यादाही उघड झाली, कारण पंप पाणी ठरावीक उंचीपलीकडे ओढू शकत नाही. विहिरीत उतरून कट्ट्यावर इंजिन बसविणे हा उपाय धुरामुळे जीवघेणा ठरे. पुढे विद्युतपंपांनी त्याची जागा घेतली ती टिकाऊपणाच्या नव्हे, तर खोलीच्या बळावर.

शंतनुरावांचे २४ एप्रिल १९९४ रोजी पुणे येथे निधन झाले. २००३ मध्ये जन्मशताब्दीनिमित्त टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढले. त्यांच्या कारखान्यातील एका सिलिंडरची इंजिने देशभरातील अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत आजही चालतात. करंज आणि जट्रोफाच्या तेलापासून केलेले जैवइंधन नव्या काळास कितपत मानवेल, याच्या चाचण्या त्याच इंजिनांवर घेतल्या गेल्या आहेत.