नाणी तोलून समाज समजून घेणारे गणिती : दामोदर धर्मानंद कोसंबी



इतिहासाच्या तासाला प्राचीन नाणी आली की आपण चित्र दाखवतो, नाव सांगतो आणि पुढे जातो. पण तीच नाणी काट्यावर तोलून त्या काळची माणसं कशी वागत होती, हे शोधणारे एक गणिती आपल्या मराठी मुलखात होऊन गेले. ते म्हणजे दामोदर धर्मानंद कोसंबी.

त्यांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात झाला. वडील धर्मानंद हे पाली भाषेचे आणि बौद्ध धर्माचे थोर अभ्यासक. १९१८ साली ते मुलाला अमेरिकेला घेऊन गेले. दामोदर १९२९ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाचे पदवीधर झाले आणि भारतात परतले. बनारस, अलिगढ आणि नंतर पुण्याचं फर्ग्युसन कॉलेज, असं त्यांनी गणित शिकवलं. पुढे १९६२ पर्यंत ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. राहायला पुण्यात, काम मुंबईत; डेक्कन क्वीनचा प्रवास हा त्यांच्या दिनक्रमाचाच भाग झाला होता.

आता नाण्यांकडे वळू. संख्याशास्त्राची एक रीत प्रत्यक्ष वापरून बघावी म्हणून त्यांनी नाणी हाती घेतली. त्यांचं प्रतिमान अगदी साधं होतं. नाणं हातोहात फिरतं तसं ते कणाकणानं झिजतं. एक नाणं किती झिजेल हे कुणालाच सांगता येत नाही, कारण एखादं पेटीत पडून राहतं तर एखादं रोज बाजार करतं. पण शेकडो नाणी एकत्र घेतली, की नियम दिसतो. वय वाढेल तसं सरासरी वजन घटतं आणि नाण्या-नाण्यांतला फरक वाढतो. हा नियम त्यांनी आधी चालू व्यवहारातली नाणी तोलून पडताळला, मग तक्षशिलेला सापडलेल्या चांदीच्या आहत नाण्यांना लावला. या नाण्यांच्या मागच्या बाजूला छोटे छोटे ठसे असतात. नाणं तपासणाऱ्यांनी वेळोवेळी मारलेल्या या खुणा आहेत, असं कोसंबींनी मांडलं. जास्त ठसे असलेली नाणी सरासरीनं हलकी भरली. ज्या नाण्यांवर राजाचं नाव नाही की साल नाही, त्यांचा मागचा-पुढचा क्रम लावायला असा आधार मिळाला.

इथं थोडं थांबून विचार करा. झिजलेलं नाणं माणूस घेतो तरी का? पुढचा माणूस ते घेईल, असा त्याला भरवसा असतो म्हणून. मी काय करायचं हे दुसरा काय करील यावर अवलंबून असतं, तेव्हा अशा वागण्याच्या अभ्यासाला खेळ-सिद्धांत म्हणतात. जॉन फॉन नॉयमन आणि ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांचा या विषयावरचा ग्रंथ १९४४ साली आला. कोसंबींचं काम त्या शाखेतलं नव्हे, पण साध्या प्रतिमानातून समाज समजून घ्यायची वाट तीच.

दहा रुपयांच्या नाण्याचं उदाहरण घ्या. ते चालत नाही अशी अफवा उठली आणि दुकानदार घेईनात. नाणं खरं आहे हे ठाऊक असलेलासुद्धा घेईना, कारण पुढचा घेणार नाही ही भीती! शेवटी जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेला सांगावं लागलं, की १४ नमुन्यांची सगळी नाणी वैध आहेत. एकेक माणूस शहाणा असूनही सगळे मिळून चुकीच्या जागी अडकतात, ते असं.

राणीसावरगावच्या मुलांना हे वर्गात करून बघता येईल. एकाच नमुन्याची पण वेगवेगळ्या सालांची नाणी घरोघरून जमवा. सालवार गट करा आणि सराफाच्या काट्यावर तोला. फरक फार बारीक असतो, म्हणून एका गटात जितकी जास्त नाणी तितकं बरं. उत्तर पाठ्यपुस्तकात नाही, ते मुलांनीच काढायचं. कोसंबी पुणे परिसरात पायी हिंडले आणि देवींची जुनी ठाणी जुन्या वाटांच्या जवळ कशी आढळतात, हे त्यांनी दाखवलं. आपल्या गावच्या रेणुकामातेच्या देवळाकडे कोणकोणत्या जुन्या वाटा येतात, हे म्हाताऱ्या माणसांना विचारून मुलं नकाशावर मांडू शकतील.

एक गोष्ट मुलांपासून लपवू नका. कोसंबीही चुकले. रीमान गृहीतक या अतिशय अवघड प्रश्नाला त्यांनी संभाव्यतेच्या मार्गानं हात घातला, आणि ती सिद्धता टिकली नाही. मात्र १९४४ साली आनुवंशिकतेसाठी त्यांनी मांडलेलं सूत्र जगभर आजही कोसंबींच्याच नावानं वापरलं जातं. २९ जून १९६६ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं.

पालकहो, एका चाचणीच्या गुणांवरून लेकराचा अंदाज बांधताना एवढं ध्यानात ठेवा : एका नाण्याच्या वजनावरून कोसंबींनी कधीच निष्कर्ष काढला नाही.