एकच कॅन्सर, मग उपचार वेगळे का? कमल रणदिवेंनी शोधलेली वाट

मुखेडहून स्तनाच्या कॅन्सरच्या उपचारासाठी कुणी नांदेडला जातं, कुणी लातूरला, कुणी थेट मुंबईला टाटा हॉस्पिटलमध्ये. गावी परतल्यावर तुलना सुरू होते. एकीला केमो दिली, दुसरीला ऑपरेशननंतर नुसत्या गोळ्या. मग मनात शंका येते की आपल्यावर उपचार नीट झाले ना?

हा फरक समजून घ्यायचा तर डॉ. कमल रणदिवे माहिती हव्यात.

८ नोव्हेंबर १९१७ ला पुण्यात जन्मलेल्या कमल समर्थ हुजूरपागेत शिकल्या. वडील फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे. मुलीने डॉक्टर व्हावं, ही त्यांची इच्छा. कमलताईंनी मात्र वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र निवडलं. एमएस्सीला त्यांनी सीताफळाच्या कुळातल्या वनस्पतींच्या पेशींवर संशोधन केलं. १९३९ मध्ये गणितज्ञ ज. त्र्यं. रणदिवे यांच्याशी लग्न झालं आणि त्या मुंबईत आल्या.

तिथे टाटा हॉस्पिटलमध्ये डॉ. वसंत खानोलकरांनी त्यांच्यातली संशोधक ओळखली. १९४९ मध्ये त्यांनी पीएचडी मिळवली. पुढे अमेरिकेत जॉर्ज गाय यांच्याकडे त्या शिकायला गेल्या. माणसाच्या कॅन्सरच्या पेशी शरीराबाहेर सतत वाढवण्यात पहिल्यांदा यश मिळालं, ते याच गाय यांच्या प्रयोगशाळेत. परत आल्यावर कमलताईंनी मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये टिश्यू कल्चरची प्रयोगशाळा उभी केली.

त्यांचं मोठं काम उंदरांवरचं. उंदरांच्या काही वंशांत स्तनाचा कॅन्सर सहज व्हायचा, काहींत क्वचितच. असं का? आनुवंशिकता, हार्मोन आणि विषाणू यांचा एकमेकांशी काय संबंध आहे, हे त्यांनी तपासलं. म्हणजे नुसती गाठ न बघता, ती कुणाच्या शरीरात आणि कशामुळे वाढते हे बघितलं.

आजच्या तपासण्या त्यांनी शोधल्या नाहीत, पण त्यामागचा प्रश्न तोच आहे. बायोप्सीच्या तुकड्यावर ईआर, पीआर आणि हर-२ तपासतात. गाठ हार्मोनवर वाढत असेल तर हार्मोन रोखणाऱ्या गोळ्या देतात. हर-२ जास्त असेल तर त्यावरच नेमकं काम करणारं इंजेक्शन देतात. तिन्ही निगेटिव्ह असतील तर बहुतेक वेळा केमोवर भर असतो. शिवाय गाठीचा आकार, काखेतल्या गाठी, वय आणि पाळी हेही बघितलं जातं.

१९७३ मध्ये कमलताईंनी सहकाऱ्यांसोबत भारतीय महिला वैज्ञानिकांची संघटना उभारली. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. निवृत्तीनंतर त्यांनी अहमदनगर जिल्ह्यात आदिवासी मुलांच्या पोषणावर काम केलं. २००१ मध्ये त्यांचं निधन झालं.

म्हणून शेजारणीचं बघून औषध बदलू नका आणि तिला लवकर बरं वाटलं म्हणून आपला कोर्स अर्धवट सोडू नका. बायोप्सीचा रिपोर्ट जपून ठेवा आणि त्यात या तीन गोष्टी काय आल्या आहेत, हे डॉक्टरांना नक्की विचारा.