मंडईचं नाव बदलणारा संपादक

पुण्याच्या मंडईत कधी गेलायत? तिचं आधीचं नाव रे मार्केट, म्हणजे ब्रिटिश गव्हर्नरचं. नगरपालिकेत निवडून गेलेल्या आचार्य अत्र्यांनी पुढाकार घेतला आणि मंडईला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं. १८९८ साली सासवडजवळ कोडीतला जन्मलेले अत्रे आधी शाळामास्तर, मग नाटककार, सिनेमावाले. १५ नोव्हेंबर १९५६ला त्यांनी मुंबईत दैनिक ‘मराठा’ काढलं, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यासाठी. अग्रलेख म्हणजे तोफच! १९५७ला ते आमदारही झाले. १ मे १९६०ला मुंबईसह महाराष्ट्र मिळाला. १९६९ला अत्रे गेले. त्यांची लेखणी कधीकधी पातळी सोडायची, हेही खरं. पण बाजू मात्र उघड असायची. फोनवर आलेली बातमी पुढे ढकलण्याआधी तुम्हीही बघा, लिहिणाऱ्याची बाजू कळतेय का?